बिट, बाइट आणि वेगाचा हिशेब

बारामती तालुक्यांतील वडगाव निंबाळकर हें गांव नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यांत वसलेलें आहे. ह्या पट्ट्यांतील कोणत्याहि ऊंस-बागाईतदारास पाण्याविषयीं दोन प्रश्न विचारावे. तो त्यांचीं उत्तरें दोन निरनिराळ्या मापांत देईल. भाटघरच्या धरणांत पाणी किती मावतें, ह्याचें उत्तर तो टीएमसींत देतो : सुमारें २३॥ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटि घनफूट. कालव्यास पाणी किती सुटलें आहे, ह्याचें उत्तर मात्र तो क्यूसेकांत देतो. एक क्यूसेक म्हणजे एका सेकंदांत वाहून जाणारें एक घनफूट पाणी. पहिलें माप सांठ्याचें, दुसरें ओघाचें. एक क्यूसेकचा ओघ अहोरात्र चालला तर दिवसास ८६,४०० घनफूट पाणी जातें, एवढें कळलें कीं पुढील त्रैराशिक कोणासहि मांडतां येतें. एक टीएमसी पाणी एकाच दिवसांत काढून द्यावयाचें झाल्यास सुमारें ११,५७४ क्यूसेकांचा ओघ लागेल. ह्या दोन मापांची गल्लत शेतकरी करीत नाहीं. कारण ती गल्लत त्याच्या उभ्या पिकास भोंवते.

तारेंतून, हवेंतून किंवा कांचेच्या बारीक तंतूंतून घरीं येणारी माहिती हीहि एक वाहती वस्तुच आहे. तिच्याहि सांठ्याचें माप निराळें आणि ओघाचें माप निराळें. परंतु जी गल्लत बागाईतदार करीत नाहीं, ती शहरांतील सुशिक्षित घरांत रोज होतांना दिसते.

उदाहरणादाखल पुण्यांतील एखादें कुटुंब घ्यावें. त्यानें 'शंभर एमबीं'चें इंटरनेट कनेक्शन घेतलें. पहिल्याच दिवशीं घरांतील मुलगा अभ्यासाची एक हजार एमबींची फाईल उतरवून घ्यावयास बसतो. वेग शंभराचा, वस्तु हजाराची. तेव्हां काम दहा सेकंदांत उरकावें असा त्याचा सरळ हिशेब. प्रत्यक्षांत जवळजवळ दीड मिनिट लागतें, आणि तेवढा वेळ पडद्यावर ११ च्या आसपासचा आंकडा नाचत राहतो. शंभर सांगून अकरा देतात, ही उघड फसवणूक आहे, असें घरांत ठरतें व तक्रार जाते. येथें तक्रार खोटी असते. पण तिची दुसरी बाजू अधिक नुकसानीची आहे. 'तें असेंच असतें, आठाचा फरक पडतो,' असें एकदां कोणी समजावून सांगितलें कीं तेंच कुटुंब पुढें पडद्यावर ५ दिसले तरी गप्प बसतें. आणि त्या वेळीं मात्र तक्रार करण्यास जागा असते. हिशेब न समजल्यामुळें गिऱ्हाईक भांडूं नये तेथें भांडतें आणि भांडावें तेथें गप्प राहतें.

गल्लतीचें मूळ एका अक्षरांत आहे. इंग्रजींत बिट ह्या मापासाठीं लहान 'बी' लिहितात आणि बाइट ह्या मापासाठीं मोठा 'बी'. वेगाच्या आंकड्यापुढें लहान 'बी' असतो, फाईलच्या आंकड्यापुढें मोठा. एका बाइटांत आठ बिट असल्यामुळें ह्या दोन अक्षरांत आठपटींचें अंतर आहे. देवनागरींत लहान आणि मोठीं अशीं अक्षरांचीं दोन रूपें नाहींत. एरव्हीं हा आपल्या लिपीचा गुणच. मुलांना दोन वर्णमाला घोकाव्या लागत नाहींत. पण येथें तो गुण आड येतो. जाहिरातींत, बातमींत आणि बोलण्यांत दोन्ही मापें 'एमबी' ह्या एकाच रूपानें वावरतात, आणि ऐकणारास भेद कळण्यास कांहीं मार्गच उरत नाहीं. मराठींत हीं मापें लिहितांना 'मेगाबिट' आणि 'मेगाबाइट' असे पुरते शब्दच लिहावयास हवेत. चार अक्षरें अधिक गेलीं तरी चालतील.

आतां बिट म्हणजे काय तें पाहावें. होय किंवा नाहीं, दिवा लागला किंवा विझला, ह्या दोहोंपैकीं एकाची निवड सांगणारा माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. हा शब्द छापून पुढें आला तो १९४८ सालीं, क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञाच्या प्रसिद्ध निबंधांत; शब्द सुचविल्याचें श्रेय शॅनननें जॉन टकी ह्यास दिलें आहे. बाइट हा शब्द त्यानंतरचा. १९५६ सालीं आयबीएम कंपनींत एका मोठ्या गणकयंत्राची आंखणी चालू असतां व्हर्नर बुखहोल्ट्झ ह्यानें तो वापरांत आणला. आरंभीं बाइटांत आठच बिट असत असें नव्हे. पुढें आठ ही संख्या रूढ झाली. जुन्या मापांत बोलावयाचें तर बाइट हा शेर मानल्यास बिट हा अदपाव होय. वाणी तेल अदपावांनीं मोजून सांगतो आणि गिऱ्हाईक घरीं येऊन शेरांत मोजतें, असा हा प्रकार आहे.

ह्या मापांचा अंदाज यावा म्हणून 'वडगाव निंबाळकर' हें गांवाचें नांवच मोजून पाहावें. आजच्या संगणकांत देवनागरी मजकूर ज्या युनिकोड पद्धतीनें सांठवितात, तिच्या सर्वांत रूढ अशा यूटीएफ-८ ह्या प्रकारांत प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. चिन्ह म्हणजे येथें पुरतें जोडलेलें अक्षर नव्हे. मूळ अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार हीं सारीं सुटीं मोजावयाचीं. 'वडगाव' ह्यांत व, ड, ग, काना आणि व मिळून पांच. 'निंबाळकर' ह्यांत न, वेलांटी, अनुस्वार, ब, काना, ळ, क आणि र मिळून आठ. एकूण तेरा चिन्हें, त्यांचे ३९ बाइट. मधल्या मोकळ्या जागेस एकच बाइट पुरतो. म्हणजे बरोबर ४० बाइट, अर्थात् ३२० बिट. जुन्या वळणानें 'गांव' असा अनुस्वार देऊन लिहिल्यास तीन बाइट वाढतात ! हेंच नांव रोमन लिपींत लिहिलें तर सतरा जागांचे सतराच बाइट होतात, कारण तेथें अक्षरास एक बाइट पुरतो.

मोबाइलच्या साध्या संदेशांत हा फरक लोकांनीं पैशांच्या रूपानें अनुभवला आहे. अशा एका संदेशाची मर्यादा १४० बाइटांची, म्हणजे १,१२० बिटांची असते. इंग्रजी अक्षरास तेथें सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरें मावतात. देवनागरी चिन्हास सोळा बिट लागतात, म्हणून सत्तरच मावतात. शंभर चिन्हांचें मराठी पत्र धाडणारास दोन संदेशांचा आकार कां पडे, ह्याचें उत्तर ह्या भागाकारांत आहे.

ओघाचें माप मात्र बिटाहून जुनें आहे. हिंदुस्थानांत विजेच्या तारेनें संदेश धाडण्यास १८५० सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर ह्या मार्गावर आरंभ झाला. त्या काळीं वेग मोजीत तो दर मिनिटास किती शब्द गेले ह्यावरून. पण शब्द कांहीं सारखे लांब नसतात. म्हणून तारमास्तरांच्या जगांत 'पॅरिस' हा शब्द वजनाच्या मापासारखा वापरला गेला. मोर्सच्या कडकट्टांत तो, पुढील मोकळी जागा धरून, बरोबर पन्नास मात्रांचा भरतो. मिनिटास वीस शब्द म्हणजे हजार मात्रा, म्हणजे सेकंदास सुमारें साडेसोळा. पुढें फ्रान्समधील एमिल बोदो ह्यानें १८७० नंतरच्या दशकांत प्रत्येक अक्षरास पांच संकेत अशी पद्धत बसविली, आणि त्याच्याच नांवावरून सेकंदाच्या संकेतांस 'बॉड' म्हणूं लागले. जगभरच्या टेलेक्स यंत्रांचा रूढ वेग ५० बॉड होता. त्यांत अक्षराचे पांच संकेत, त्यापूर्वीं आरंभाचा एक आणि शेवटीं विरामाचा दीड, असे साडेसात संकेत प्रत्येक अक्षरामागें खर्च होत. रोमन लिपींतील वडगाव निंबाळकराचें नांव त्या यंत्रावरून जावयास अडीच सेकंदांहून किंचित् अधिक वेळ लागला असता. भारतांतील सार्वजनिक तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण बॉड हा शब्द अद्याप मागें राहिला आहे आणि कित्येकदां बिटाच्या जागीं चुकून वापरला जातो.

बॉड आणि बिट एक नव्हेत. एका संकेतांत एकाहून अधिक बिट भरतां येतात. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबई आदि शहरांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें, तेव्हां घरच्या टेलिफोनवरून मिळणारा वेग सेकंदास ९,६०० बिट एवढा होता. ह्या वेगाच्या एका प्रमाणभूत मोडेम-पद्धतींत तारेवर सेकंदास संकेत जात ते २,४०० च; प्रत्येक संकेत चार बिटांचा भार वाहून नेई. एका बैलगाडींत एक पोतें घालावें किंवा चार, तसाच हा भेद. गाड्या मोजल्या म्हणजे पोतीं मोजलीं असें होत नाहीं.

टेलिफोनच्या आवाजाचेंहि असेंच माप ठरलेलें आहे. बोलणाराचा आवाज सेकंदांत ८,००० वेळां तपासावयाचा आणि प्रत्येक तपासणी आठ बिटांत लिहावयाची. गुणाकार केला कीं सेकंदास ६४,००० बिट, म्हणजे ६४ किलोबिट होतात. असे बत्तीस प्रवाह एकत्र गुंफले म्हणजे २,०४८ किलोबिटांची एक मोठी वाट होते. तींत तीस संभाषणें चालतात व दोन प्रवाह व्यवस्थेकडे जातात. ह्या २,०४८ वरून कोणी १,०२४ च्या पटींचा हिशेब लावूं पाहील तर तो फसेल. तारेवरच्या वाहतुकींत किलो म्हणजे १,००० आणि मेगा म्हणजे दहा लाख. तेथें दुसरा किलो नाहीं.

दुसरा किलो आहे तो सांठ्याच्या बाजूस. संगणकाची स्मृति दुपटी-दुपटीनें वाढते, आणि दोनाची दुप्पट करीत गेल्यास दहाव्या पायरीस १,०२४ येतात. हे हजाराच्या इतके जवळ आहेत कीं संगणकवाल्यांनीं त्यांनाच किलो म्हणावयास आरंभ केला. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे मोजले, त्यांना दुपटीचा हा व्यवहार परका वाटूं नये. मात्र एका नांवाचीं दोन मापें झालीं कीं बाजारांत काय होतें, हेंहि जुन्या पिढीनें पाहिलें आहे. बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, आणि मुंबईचा मण २८ पौंडांचा. 'मण' एवढ्यावर सौदा ठरविणारा बुडालाच म्हणून समजावें. येथें फरक तेवढा भयंकर नाहीं, पण पायरीगणिक तो वाढत जातो : किलोस सुमारें २॥ टक्के, मेगास ५, गिगास ७ हून अधिक, टेरास १०. म्हणूनच एक टेराबाइटाची म्हणून विकत आणलेली तबकडी विंडोजच्या पडद्यावर ९३१ गिगाबाइटांची दिसते. १९९८ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगानें १,०२४ च्या पटींसाठीं किबि, मेबि, गिबि अशीं निराळीं नांवें ठरवून दिलीं. परंतु नांवें ठरविणें सोपें असतें, तीं लोकांच्या तोंडीं बसविणें कठीण. बाजारानें त्यांकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं.

आतां त्या शंभराचा हिशेब पुरा करतां येतो. कागद-पेन्सिल नसली तरी चालेल, निमकी येत असली म्हणजे झालें. आठानें भागणें म्हणजे तीनदां अर्धें करणें. शंभराचे अर्धे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, पंचविसाचे साडेबारा. सेकंदास १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. पडदा जर १,०२४ च्या पटींनीं मोजीत असेल तर ह्याचेच ११.९ होतात. ह्याशिवाय एक अडत द्यावी लागते. माहिती तारेवरून सुटी जात नाहीं, पुडकीं बांधून जाते; नेहमींचें पुडकें १,५०० बाइटांचें असतें, त्यांतील ४० बाइट पत्ता व बंदोबस्त ह्यांत जातात, आणि बाहेरचें वेष्टन व दोन पुडक्यांमधील अंतर मिळून आणखी ३८ बाइटांची जागा अडते. म्हणजे १,५३८ बाइटांच्या वाटेवरून १,४६० बाइट माल घरीं पोंचतो. ही सुमारें पांच टक्क्यांची घट वजा केली कीं ११.९ चे ११.३ उरतात. पडद्यावर नाचणारा तो अकराचा आंकडा हाच. तेथें कोणीं कांहीं चोरलेलें नाहीं.

उलट दिशेनें जावयाचें असेल तर ढोबळ रीत अशी : पडद्यावर मेगाबाइटांत जो आंकडा दिसेल त्यास नवानें गुणावें, तारेवरील मेगाबिटांचा अंदाज येतो. आठ मूळ मापाचे, आणि नववा अडत व १,०२४ चा फरक ह्यांच्या पोटीं. अकरा नवे नव्याण्णव, ठीक आहे. पांच नवे पंचेचाळीस, म्हणजे शंभरांतले निम्म्याहून अधिक कोठें तरी गळत आहेत. मात्र हें मोजतांना यंत्र बिनतारी न ठेवतां वायरीनें जोडावें, घरांतील बाकीचे पडदे बंद ठेवावे, आणि एकाच ठिकाणाहून फाईल न घेतां दोन-तीन ठिकाणांहून घेऊन पाहावी. कारण कित्येकदां पलीकडचा देणाराच मंद असतो. एवढें करूनहि पांचच दिसले तर तक्रार करण्यास हरकत नाहीं, आणि ती करतांना आंकडा मेगाबिटांत सांगावा, म्हणजे समोरच्यास उलट शिकविण्याची संधि राहत नाहीं.

ओघ आणि सांठा ह्यांची दुसरी गांठ मोबाइलच्या दररोजच्या वांट्यांत पडते. दिवसास दीड गिगाबाइट असा वांटा पुष्कळांनीं घेतलेला असतो. दीड गिगाबाइट म्हणजे १२,००० मेगाबिट. वेग जर सेकंदास १०० मेगाबिटांचा मिळाला, तर हा सारा दिवसाचा वांटा १२० सेकंदांत, म्हणजे दोन मिनिटांत संपतो. वेग वाढला म्हणून वांटा वाढत नाहीं. कालव्यास पाणी जोरानें सोडलें तर तळें लौकर रितें होतें इतकेंच. सेकंदास ५ मेगाबिट खाणारें चांगल्या प्रतीचें चलच्चित्र एक तास पाहिलें तर १८,००० मेगाबिट, म्हणजे सव्वादोन गिगाबाइट लागतात. दिवसाचा वांटा चाळीस मिनिटांत आटोपला.

वांटा संपल्यावर अनेक योजनांत वेग ६४ किलोबिटांवर उतरवितात. हा आंकडा ओळखीचा आहे. टेलिफोनवरील एका संभाषणाचा तो वेग. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदास ८ किलोबाइट. मोबाइलनें काढलेला ४ मेगाबाइटांचा एक फोटो ह्या वाटेनें धाडण्यास ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटें वीस सेकंद लागतात. तोच फोटो १९९५ च्या ९,६०० बिटांच्या वाटेनें गेला असता तर सुमारें ५५॥ मिनिटें, आणि ५० बॉडच्या टेलेक्सवरून जाणें शक्य असतें तर अकरा दिवसांहून अधिक लागले असते. उलट अशा एका भाषणाचा मजकूर, सुमारें तेरा हजार चिन्हांचा धरल्यास, ३९ किलोबाइट होतो आणि त्या मंद वाटेनेंहि पांच सेकंदांत पोंचतो. देवनागरीस तीन बाइट लागतात म्हणून हळहळणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. ओघ खातात तीं चित्रें, अक्षरें नव्हेत.

सरकारदरबारीं हीं मापें बिटांतच चालतात. २००४ च्या धोरणांत सेकंदास किमान २५६ किलोबिट मिळाले तर त्यास ब्रॉडबँड म्हणावें असें ठरलें. २०१३ सालीं ही किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ च्या जानेवारींत २ मेगाबिट. निमकी तीनदां केली कीं ह्यांचे अनुक्रमें ३२, ६४ आणि २५० किलोबाइट होतात. २ मेगाबिटांचे २,००० किलोबिट करून मग भागावयाचें, एवढेंच शेवटच्या उदाहरणांत पाहावयाचें.

केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केलेल्या, आणि पुढें 'भारतनेट' हें नांव मिळालेल्या योजनेचें उद्दिष्ट प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत कांचतंतूनें १०० मेगाबिटांचा वेग पोंचविण्याचें आहे. हा आंकडा ऐकतांना तो साऱ्या गांवाच्या मुख्य पाटाचा आहे, एका घराच्या चारीचा नव्हे, हें पाहावें. वडगाव निंबाळकरासारख्या मोठ्या गांवांत अशा एका वाटेवर शाळा, दवाखाना, तलाठ्याची कचेरी आणि पंचायत मिळून वीस पडदे एकाच वेळीं चालले, तर प्रत्येकाच्या वांट्यास ५ मेगाबिट येतात. म्हणजे सेकंदास ६२५ किलोबाइट. चांगल्या चलच्चित्रास तेवढेच लागतात. चाळीस पडदे झाले तर अडीच मेगाबिट, आणि मग शिक्षकाचें चित्र अडखळूं लागतें. त्या वेळीं दोष तारेचाच असेल असें नाहीं.

आणखी एक आंकडा जाहिरातींत बहुधा बारीक अक्षरांत असतो, तो माहिती घरून बाहेर धाडण्याच्या वेगाचा. पुष्कळ योजनांत तो येण्याच्या वेगाहून बराच कमी ठेवलेला असतो. एखाद्या शिक्षिकेनें घरीं तयार केलेला ३०० मेगाबाइटांचा पाठ, म्हणजे २,४०० मेगाबिट, १०० च्या वाटेनें विद्यार्थ्यास २४ सेकंदांत मिळेल. पण तोच पाठ तिच्या घरून १० मेगाबिटांच्या वाटेनें वर चढावयास चार मिनिटें घेईल. ज्यांचें काम पाहण्यापेक्षां धाडण्याचें अधिक आहे, त्यांनीं कनेक्शन घेण्यापूर्वीं हा दुसरा आंकडा विचारून घ्यावा, आणि तो 'मेगाबिट' ह्या पुरत्या शब्दासह कागदावर लिहून घ्यावा.